वनस्पतींच्या जनुक-नियामक प्रथिनांचा डेटाबेस : शोध कसा घ्यावा, उत्तर कसे वाचावे

पदवीच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प आला की लहान गावांतील महाविद्यालयांपुढे एक जुनी अडचण उभी राहते. विद्यार्थी हुशार असतात, शिक्षक तयार असतात, पण रेण्वीय जीवशास्त्राची प्रयोगशाळा नसते. ती उभारण्याचा खर्च बहुतेक संस्थांच्या आवाक्याबाहेरचा असतो. अशा वेळी इंटरनेटवरील जैविक डेटाबेस हा मोठाच आधार आहे. बीजिंग किंवा केंब्रिज येथील संशोधकासमोर जो माहितीसाठा असतो, तोच आपल्या संगणक-कक्षातील विद्यार्थ्यासमोर येतो, आणि तोही विनामूल्य. मात्र साठा समोर येणे वेगळे आणि त्यातून ज्ञान मिळवणे वेगळे. आज होते असे की विद्यार्थी एक नाव टाइप करतो, आलेले पान छापतो आणि प्रकल्पाला जोडतो. त्या पानावर काय सिद्ध झालेले आहे आणि काय केवळ संगणकाचे अनुमान आहे, हे त्याला ठाऊक नसते, आणि पुष्कळदा तपासणाऱ्यालाही नसते.

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषा आहे, जीवशास्त्र नव्हे. परंतु कोशात शब्द शोधणे आणि डेटाबेसमध्ये जनुक शोधणे या दोन कामांतील अडचणी बऱ्याच सारख्या आहेत असे दिसले, म्हणून हा विषय निवडला. उदाहरणापुरता एकच डेटाबेस घेतला आहे : पेकिंग विद्यापीठाच्या जैवमाहिती केंद्राने तयार केलेला ‘प्लांट ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर डेटाबेस’, ज्याला अभ्यासक संक्षेपाने ‘प्लांट-टीएफडीबी’ म्हणतात.

नियामक प्रथिने म्हणजे काय

आंब्याच्या मुळात, पानात आणि मोहरात जनुकांचा संच एकच असतो. तरी मूळ मुळासारखे वागते आणि मोहर मोहरासारखा, कारण प्रत्येक ठिकाणी त्या संचातील वेगवेगळी जनुके चालू असतात. जनुक चालू होणे म्हणजे त्याच्या डीएनएवरून आरएनएची प्रत निघणे. ही प्रत कधी, कोठे आणि किती निघावी हे ठरवण्यात काही विशिष्ट प्रथिनांचा मोठा वाटा असतो. ही प्रथिने जनुकाच्या लगतच्या डीएनएवरील ठरावीक अक्षरे ओळखतात, तेथे चिकटतात आणि प्रत काढण्याच्या कामाला चालना देतात किंवा ते थांबवतात. यांनाच ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर किंवा आपल्या सोयीने जनुक-नियामक प्रथिने म्हणतात. जनुकांवर असे नियंत्रण असते ही कल्पना फ्रान्स्वा जेकब व जाक मोनो यांनी १९६१ साली जीवाणूंवरील अभ्यासातून मांडली आणि १९६५ साली त्यांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. वनस्पतींमधील असे पहिले प्रथिन मक्यात सापडले. दाण्याला रंग देणाऱ्या ‘सी१’ या जनुकाचा क्रम १९८७ साली प्रसिद्ध झाला आणि प्राण्यांत आधीच माहीत असलेल्या ‘मिब’ प्रथिनाशी त्याचे साम्य दिसून आले.

डिसेंबर २००० मध्ये अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुलातील छोट्या रोपाचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २५,५०० जनुके मोजली गेली आणि त्यांपैकी दीड हजारांहून अधिक जनुके नियामक प्रथिनांची आहेत असे त्याच वर्षी दाखवण्यात आले. शंभरातील पाच-सहा जनुकांचे काम उरलेल्या जनुकांवर देखरेख करण्याचे आहे, असा याचा अर्थ. वनस्पती जागची हलू शकत नाही. ऊन, पूर, कीड, खारे पाणी जे येईल ते तिला जागच्या जागी सोसावे लागते, आणि त्यासाठी योग्य वेळी योग्य जनुके चालू करावी लागतात. शेतीच्या दृष्टीने या प्रथिनांना एवढे महत्त्व येते ते यामुळेच.

डेटाबेस कसा वाढला

पेकिंग विद्यापीठाच्या गटाने प्रथम २००५ साली अराबिडॉप्सिसचा, नंतर भाताचा आणि पॉप्लर वृक्षाचा असे स्वतंत्र डेटाबेस काढले. पुढे ते एकत्र करून २२ वनस्पतींची पहिली आवृत्ती तयार झाली व तिचे वर्णन २००८ साली छापले गेले. तीत २६,४०२ प्रथिने होती. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत ४९ वनस्पतींतील ५३,३१९, २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीत ८३ वनस्पतींतील १,२९,२८८ आणि २०१७ च्या चौथ्या आवृत्तीत १६५ वनस्पतींतील ३,२०,३७० प्रथिने नोंदली गेली.

हे आकडे पाहून नऊ वर्षांत तीन लाख शोध लागले असा समज होणे स्वाभाविक आहे. तो बरोबर नाही. वाढ झाली ती मुख्यतः जीनोम वाचलेल्या वनस्पतींच्या संख्येत. नवीन जीनोम आला की संगणक त्यातील सर्व प्रथिने चाळतो आणि ठरलेल्या कसोटीला उतरणारी वेगळी काढतो. यांतील फार थोड्या प्रथिनांवर कोणी प्रत्यक्ष प्रयोग केलेला आहे. अराबिडॉप्सिसवर पुष्कळ झाला, भातावर बराच झाला, मक्यावरही झाला. बाकी बहुसंख्य वनस्पतींच्या बाबतीत नोंद म्हणजे साम्यावरून केलेले अनुमान होय. अनुमान वाईट नसते, पण त्याला अनुमानच म्हटले पाहिजे.

आपल्याकडील तूर पाहा. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे असलेल्या इक्रिसॅट संस्थेच्या पुढाकाराने तुरीचा जीनोम वाचला गेला आणि २०१२ च्या अंकात तो प्रसिद्ध झाला. त्यात ४८,६८० जनुके असावीत असा अंदाज देण्यात आला. या डेटाबेसमध्ये तुरीचे पान आहे, त्यावर कुटुंबवार याद्याही आहेत. पण त्या यादीतील एखादे प्रथिन तुरीच्या शेंगेत नेमके काय करते हे विचारले तर पानावर बहुधा अराबिडॉप्सिसमधील जवळच्या नातेवाइकाचे काम लिहिलेले आढळेल. विद्यार्थी ते तुरीचे काम म्हणून उतरवून घेतो. या विषयातील सर्वांत सार्वत्रिक चूक हीच.

कुटुंबे आणि त्यांचे नियम

डेटाबेसमधील सर्व प्रथिने ५८ कुटुंबांत विभागली आहेत. वनस्पतिशास्त्रात ‘कुल’ हा शब्द आधीच वेगळ्या अर्थाने रूढ असल्यामुळे येथे ‘कुटुंब’ म्हटले आहे. कुटुंबांची नावे प्रथम पाहणाऱ्याला कोड्यासारखी वाटतात, पण प्रत्येकामागे इतिहास आहे. ‘मॅड्स’ हे नाव चार जनुकांच्या आद्याक्षरांपासून झाले. त्यांतले एक यीस्टचे, एक अराबिडॉप्सिसचे, एक स्नॅपड्रॅगन फुलाचे आणि एक चक्क माणसाचे. ‘वर्की’ हे नाव प्रथिनात सलग येणाऱ्या ट्रिप्टोफॅन, आर्जिनिन, लायसिन व टायरोसिन या चार अमिनो आम्लांच्या एकाक्षरी खुणांवरून पडले. ‘नॅक’ या नावातही पेट्युनिया व अराबिडॉप्सिसमधील जनुकांची आद्याक्षरे आहेत.

प्रथिन कोणत्या कुटुंबात घालायचे हे त्याच्या डोमेनवरून ठरते. डोमेन म्हणजे प्रथिनाचा असा तुकडा की ज्याची घडी आणि काम बऱ्याच प्रमाणात स्वतंत्र असते, आणि जो निरनिराळ्या प्रथिनांत पुन्हा पुन्हा आढळतो. भाषेच्या शिक्षकाला हे समजायला जड नाही. ‘खाना’ हा घटक ‘दवाखाना’, ‘कारखाना’, ‘छापखाना’ यांत येतो. तो ओळखता आला की न पाहिलेला शब्दही स्थळवाचक असावा असा तर्क करता येतो, मात्र तेथे काय चालते ते समजायला उरलेला शब्द पाहावाच लागतो.

नियम सोपे आहेत. ‘एपी२’ नावाचे साधारण साठ अमिनो आम्लांचे डोमेन घ्या. प्रथिनात ते दोनदा आले तर ते प्रथिन ‘एपी२’ कुटुंबात जाते. एकदा आले तर ‘ईआरएफ’ कुटुंबात. एकदा आले आणि सोबत ‘बी३’ नावाचे दुसरे डोमेन असले तर ‘आरएव्ही’ कुटुंबात. काही कुटुंबांसाठी उलट अटही आहे, म्हणजे अमुक डोमेन सोबत असेल तर प्रथिन त्या कुटुंबात धरायचे नाही. विद्यार्थ्याला कुटुंबांची नावे पाठ करायला लावण्यापेक्षा हे तीन-चार नियम कागदावर लिहून दहा प्रथिने स्वतःच्या हाताने वर्गीकृत करायला लावावीत. एका तासात होणारे काम आहे, आणि पानावर ‘कुटुंब’ या शब्दापुढे जे लिहिले आहे ते कोठून आले हे त्यातून कायमचे कळते.

हे नियम माणसांनी ठरवलेले आहेत, हेही त्याच वेळी सांगून टाकावे. जर्मनीतील पॉट्सडॅम विद्यापीठातून जवळजवळ अशाच नावाचा दुसरा डेटाबेस निघाला होता. त्याने डीएनएला स्वतः चिकटणाऱ्या प्रथिनांबरोबर, न चिकटता नियमनात भाग घेणारी प्रथिनेही घेतली आणि कुटुंबे ८४ केली. साहजिकच दोन्हींची मोजदाद जुळत नाही. ‘अमुक वनस्पतीत नियामक प्रथिने किती?’ या प्रश्नाला व्याख्या सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

एकाच डेटाबेसमध्येही दोन आकडे दिसतात. अराबिडॉप्सिसच्या पानावर २,२९६ प्रथिने आणि १,७१७ स्थाने असे लिहिलेले असते. स्थान म्हणजे गुणसूत्रावरील जनुकाची जागा. एका जागेवरून निघालेल्या आरएनएची जोडणी निरनिराळ्या प्रकारे होऊन एकाहून अधिक प्रथिने बनू शकतात, म्हणून पहिला आकडा मोठा. प्रकल्पात कोणता आकडा घेतला हे न लिहिल्यास तुलना निरर्थक ठरते. एका वनस्पतीची स्थाने आणि दुसरीची प्रथिने घेऊन काढलेले स्तंभालेख दिसायला सुबक असतात, एवढेच.

नावाने शोध

शोधाचा पहिला मार्ग नावाचा किंवा क्रमांकाचा. दोहोंपैकी क्रमांक केव्हाही बरा. अराबिडॉप्सिसमध्ये फुलाचा आरंभ ठरवणारे ‘लीफी’ नावाचे जनुक आहे. त्याचा क्रमांक ए-टी-५-जी-६१८५०. (डेटाबेसमध्ये ही अक्षरे अर्थातच रोमन लिपीत व मधल्या रेघांशिवाय टाइप करावयाची.) पहिली दोन अक्षरे वनस्पतीच्या शास्त्रीय नावाची, ५ म्हणजे पाचवे गुणसूत्र, ‘जी’ म्हणजे जनुक आणि पुढचा आकडा त्या गुणसूत्रावरील अनुक्रमाचा. शेवटी टिंब देऊन १ किंवा २ लिहिलेले असेल तर ते वर सांगितलेले पर्यायी रूप होय. हा क्रमांक दिला की नेमके एक जनुक मिळते. ‘लीफी’ हे कुटुंबही गमतीचे आहे. अराबिडॉप्सिसपुरते पाहिले तर या कुटुंबात हे एकटेच जनुक आहे.

भाताच्या बाबतीत क्रमांकांच्या दोन पद्धती रूढ आहेत, एक अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठाच्या प्रकल्पाची आणि दुसरी जपानी प्रकल्पाची. दोन्हींत गुणसूत्राचा क्रमांक असतो, पण पुढचे आकडे वेगळे. शोधनिबंधात एका पद्धतीचा क्रमांक वाचून दुसऱ्या पद्धतीच्या रकान्यात घातला तर काहीच मिळत नाही आणि विद्यार्थी ‘जनुक उपलब्ध नाही’ असे लिहून मोकळा होतो. दोन पद्धतींचे क्रमांक जुळवून देणारी साधने आहेत. ती आधी वापरावीत.

क्रमांक माहीत नसेल आणि नावावरच भिस्त असेल तर अधिक जपावे लागते. गोव्यात आणि दक्षिण कोकणात लाल तांदळाचे उकडे आजही खाल्ले जातात. खाजण जमिनीतील खारे पाणी सोसणारे ‘कोरगुट’ हेही लालच. तांदळाच्या सालीला हा रंग कोठून येतो? कॉर्नेल विद्यापीठाच्या गटाने २००६ साली दाखवले की या रंगामागे सातव्या गुणसूत्रावरील ‘आरसी’ हे जनुक आहे आणि ते ‘बीएचएलएच’ कुटुंबातील नियामक प्रथिन बनवते. रंग पुरता लाल होण्यासाठी ‘आरडी’ हे आणखी एक जनुक लागते. ते मात्र नियामक नाही, रंगद्रव्य घडवण्याच्या साखळीतील एक विकर बनवते. म्हणून या डेटाबेसमध्ये ‘आरडी’ शोधण्यात अर्थ नाही. तो येथे असण्याचे कारणच नाही.

आता ‘आरसी’ ही दोन अक्षरे शोधाच्या चौकटीत टाकली तर काय होईल? ही अक्षरे एरंडाच्या शास्त्रीय नावाची आद्याक्षरे आहेत आणि चिनी गुलाबाच्याही. शोधनिबंधांत त्या दोन्ही वनस्पतींच्या जनुकांच्या नावांआधी हीच अक्षरे लावलेली आढळतात. तेव्हा दोन अक्षरांचा शोध भाताऐवजी भलतीकडे नेऊ शकतो. आधी वनस्पती निवडावी, मग कुटुंब, आणि शेवटी गुणसूत्र पाहून यादी लहान करावी. लिपीच्या लहान-मोठ्या अक्षरांकडेही लक्ष ठेवावे. अराबिडॉप्सिसच्या लेखनात जनुकाचे नाव मोठ्या अक्षरांत, तर बिघडलेल्या जनुकाचे लहान अक्षरांत लिहितात. उर्दूत एका नुक्त्याने शब्द बदलतो तसाच हा प्रकार आहे, आणि विद्यार्थी त्याकडे तितकेच दुर्लक्ष करतात.

‘सापडले नाही’ याचा अर्थ

आरसीचे उदाहरण येथेच संपत नाही. पांढऱ्या तांदळात हे जनुक नाहीसे झालेले नाही, ते मोडलेले आहे. त्यातील १४ अक्षरे गळाली आहेत. प्रथिनाची भाषा तीन-तीन अक्षरांनी वाचली जाते. १५ अक्षरे गळाली असती तर पाच अमिनो आम्ले कमी होऊन पुढचे वाचन सरळ राहिले असते. १४ ला तीनने भागले तर दोन उरतात, म्हणून गळतीनंतरचे सगळे वाचन सरकते आणि लवकरच पूर्णविराम येतो. डीएनएला चिकटणारा भागच तयार होत नाही. आज जगात खाल्ल्या जाणाऱ्या पांढऱ्या तांदळाच्या बहुतेक सर्व वाणांत हीच १४ अक्षरांची गळती आहे, असे पुढील वर्षी त्याच गटाने दाखवले.

भाताचा जो संदर्भ-जीनोम २००५ साली आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने प्रसिद्ध केला, ज्यात अकराव्या गुणसूत्राच्या एका भागाचे वाचन भारतीय गटांनी केले, तो ‘निप्पोनबारे’ या जपानी वाणाचा आहे. निप्पोनबारे पांढरा तांदूळ आहे. म्हणजे संदर्भ म्हणून जी प्रत आपण समोर ठेवतो, तिच्यातच हे जनुक मोडलेले आहे. डोमेन पाहून वर्गीकरण करणारा संगणक मोडलेल्या डोमेनची दखल कशी घेणार? कोरगुटच्या दाण्यात जे प्रथिन धडधाकट काम करते, ते निप्पोनबारेच्या यादीत त्याच रूपात मिळण्याची अपेक्षाच चुकीची आहे.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे, कारण त्याच्याशी लक्षावधी शेतकऱ्यांचे पीक जोडलेले आहे. पुराचे पाणी भातावर चढून आठ-दहा दिवस राहिले तर रोप मरते. पाण्याखाली बहुतेक वाण वर डोके काढण्यासाठी भराभर वाढतात, त्यात साठवलेले अन्न संपते आणि पाणी ओसरल्यावर रोप उभे राहत नाही. ओडिशातील ‘एफआर १३ ए’ या जुन्या देशी वाणात वेगळी रीत दिसली. पाण्याखाली तो वाढ थांबवतो, अन्न राखून ठेवतो आणि पाणी उतरल्यावर पुन्हा वाढतो. याचे मूळ नवव्या गुणसूत्रावर आहे हे १९९६ साली कळले आणि २००६ साली नेमके जनुक हाती आले : ‘सब१ए’, ईआरएफ कुटुंबातील नियामक प्रथिनाचे जनुक. नेहमीच्या संकराने ते आंध्रातील लोकप्रिय ‘स्वर्णा’ वाणात आणले गेले आणि ‘स्वर्णा-सब१’ हा वाण २००९ साली भारतात प्रसारित झाला. सुमारे दोन आठवडे पाण्याखाली राहूनही तो तग धरतो.

हे सर्व वाचून विद्यार्थी उत्साहाने डेटाबेस उघडतो, भात निवडतो, निप्पोनबारेची ईआरएफ यादी काढतो आणि सब१ए शोधू लागतो. २००६ साली झालेल्या मोजणीनुसार भातात ईआरएफची १३९ जनुके आहेत आणि अराबिडॉप्सिसमध्ये १२२. एवढी यादी चाळूनही सब१ए मिळत नाही. मिळणारही नाही, कारण निप्पोनबारेच्या जीनोममध्ये हे जनुकच नाही. त्याच ठिकाणची ‘सब१बी’ आणि ‘सब१सी’ ही दोन भावंडे मात्र आहेत. जगातील भाताच्या सर्वाधिक वापरल्या गेलेल्या संदर्भ-प्रतीत, भाताच्या सर्वांत उपयुक्त ठरलेल्या जनुकांपैकी एक नाही! कोशात शब्द नाही म्हणून तो बोलीत नाही असे आपण कधी म्हणत नाही. बेळगावकडची किंवा दख्खनी बोलीतील कितीतरी नावे छापील कोशांत नाहीत. येथे तोच विवेक हवा.

डेटाबेसमध्ये इंडिका भाताची वेगळी नोंद आहे, तिकडे वळावे असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबरही आहे. पण तेथे आणखी एक वळण आहे. चीनमध्ये वाचल्या गेलेल्या ‘९३-११’ या इंडिका वाणात सब१ए आहे, परंतु ते पाणी सोसणारे रूप नव्हे. सोसणाऱ्या रूपात प्रथिनाच्या १८६ व्या जागी सेरिन असते आणि न सोसणाऱ्या रूपात प्रोलिन. पुरात ते जनुक किती जोराने चालू होते यातही फरक आहे. दोन्ही रूपे कुटुंबाने ईआरएफच, आणि दोघांत डोमेनही तेच. डेटाबेसच्या पानावर ती सारखीच दिसतील, शेतात एक तरते आणि दुसरे कुजते. कुटुंबाचे नाव हे कामाचे प्रमाणपत्र नाही, हे विद्यार्थ्यांना याहून स्पष्ट करून सांगणारे उदाहरण मला माहीत नाही.

क्रमावरून शोध

नाव नसेल आणि प्रथिनाचा क्रम हाती असेल तर ब्लास्ट वापरावे. १९९० साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत दिलेला क्रम साठ्यातील प्रत्येक क्रमाशी ताडून पाहते आणि साम्याच्या उतरत्या क्रमाने यादी देते. प्रत्येक जुळणीपुढे ‘ई-व्हॅल्यू’ असते. एवढ्या आकाराच्या साठ्यात निव्वळ योगायोगाने इतक्या प्रतीच्या किती जुळण्या मिळाव्यात याचा तो अंदाज. आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी जुळणी योगायोगाची असण्याचा संभव कमी. साठा मोठा असेल तर तीच जुळणी अधिक मोठी ई-व्हॅल्यू दाखवते, म्हणून दोन वेगळ्या साठ्यांतील ई-व्हॅल्यूंची थेट तुलना करू नये.

नियामक प्रथिनांच्या बाबतीत ब्लास्ट फसवते ते एका विशिष्ट जागी. सब१एचा क्रम दिला तर तुरीतील ईआरएफची भलीमोठी यादी येईल आणि ई-व्हॅल्यू सगळ्यांच्या उत्तम असतील. कारण साठ अमिनो आम्लांचे डोमेन त्या सर्वांत समान आहे. जुळणी कोठून कोठपर्यंत आहे ते पाहावे. ती डोमेनपुरतीच असेल तर ‘एकाच कुटुंबातील’ एवढेच म्हणता येते. डोमेनच्या बाहेरही साम्य पसरलेले असेल तर जवळच्या नात्याची शक्यता वाढते. मग उलट शोध घ्यावा, म्हणजे तुरीतील पहिले प्रथिन उचलून ते पुन्हा भाताच्या साठ्यात टाकावे. उत्तर फिरून आपण निघालो त्याच प्रथिनावर आले तर नाते बळकट, दुसऱ्यावरच गेले तर शंका. सोयाबीनसारख्या वनस्पतीत हा खेळ आणखी रंगतो. तिचा संपूर्ण जीनोम इतिहासात दुप्पट झालेला असल्यामुळे एका जनुकाची दोन-दोन जवळची भावंडे समोर येतात आणि त्यांतले ‘खरे’ कोणते हा प्रश्नच चुकीचा ठरतो.

पानावरील आणखी एक मोह म्हणजे प्रथिन डीएनएवरील कोणती अक्षरे ओळखते त्याचे रंगीत चित्र. जे अक्षर उंच ते अधिक निश्चित, असा त्याचा अर्थ. बीएचएलएच कुटुंबातील अनेक प्रथिने सी-ए-सी-जी-टी-जी ही सहा अक्षरे ओळखतात. विद्यार्थी एखाद्या जनुकाच्या लगतच्या भागात ही अक्षरे शोधतो, ती सापडतात, आणि ‘हे प्रथिन या जनुकाचे नियमन करते’ असा निष्कर्ष लिहितो. येथे थोडा हिशेब करायला लावावा. चार अक्षरांच्या लिपीत सहा अक्षरांचा ठरावीक शब्द योगायोगाने सरासरी ४,०९६ अक्षरांत एकदा येतो. भाताचा जीनोम सुमारे ३८ कोटी ९० लाख अक्षरांचा आहे. भागाकार केला तर ढोबळ मानाने ९५ हजार ठिकाणी हा शब्द केवळ योगायोगाने यायला हवा. तेव्हा शब्द सापडणे ही तपासाची सुरुवात आहे. त्याच पेशीत, त्याच वेळी दोन्ही जनुके चालू असतात का, आणि प्रथिन तेथे प्रत्यक्ष चिकटलेले कोणी पाहिले आहे का, हे पुढचे प्रश्न. याच गटाने पुढे काढलेल्या ‘प्लांट-रेगमॅप’ या साधनात अशा नियमनविषयक माहितीची भर आहे. तीही याच सावधगिरीने वाचावी.

प्रकल्प देताना

‘अमुक वनस्पतीतील नियामक प्रथिनांचा अभ्यास’ असा विषय देऊ नये. त्यातून यादीच निघते. एकच प्रथिन द्यावे, ज्यावर प्रत्यक्ष प्रयोग झालेला आहे असे. ते दोन पिकांत शोधायला सांगावे आणि प्रत्येक विधानापुढे तीनपैकी एक खूण करायला लावावी : प्रयोगाने सिद्ध, साम्यावरून अनुमान, किंवा माहिती नाही. नोंदीच्या तळाशी शोधनिबंधांचे दुवे असतात. ‘प्रयोगाने सिद्ध’ अशी खूण करणाऱ्याने त्यांपैकी निदान एकाचा सारांश वाचलेला असला पाहिजे. तिसरी खूण जास्त वेळा आली म्हणून गुण कापू नयेत. आमच्याकडे रिकामा रकाना पाहिला की परीक्षक अस्वस्थ होतात आणि विद्यार्थ्यांना ते ठाऊक असते, म्हणून रकाने भरले जातात.

संगणक-कक्षात जोडणी मंद असेल तर प्रत्येकाने संकेतस्थळ उघडण्याची गरज नाही. एखाद्या वनस्पतीची संपूर्ण यादी आणि क्रम एकदाच उतरवून घेता येतात आणि मग चाळणीचे काम साध्या तक्त्यात चालते. उतरवून घेतलेल्या धारिकेच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक आणि दिनांक घालावा. या डेटाबेसचा पत्ता पूर्वी विद्यापीठाच्या नावाने होता, पुढे तो प्रयोगशाळेच्या नावाने झाला, त्यामुळे जुन्या निबंधांतील दुवे उघडले नाहीत तर डेटाबेस बंद पडला असे समजू नये. प्रकल्पात संदर्भ देताना डेटाबेसचे पूर्ण नाव, आवृत्ती, पाहिल्याचा दिनांक आणि वनस्पतीच्या नावापुढे वाणाचे नाव हवे. नुसते ‘भात’ लिहून चालत नाही. निप्पोनबारे की ९३-११, हे लिहिल्याशिवाय ‘सापडले नाही’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही.